कमरेला काय बांधायचं?

मुंबई-गोवा महामार्गावर पेण सोडून नागोठण्याकडे निघालं की वाटेत गडब लागतं. पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे पसरलेली खारजमीन आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी, पूर्वेला डोंगर. त्या डोंगरांत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. अलीकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून भटकी मंडळीही येतात. सांकशी, अवचितगड, सरसगड, सुधागड आणि जमलं तर फणसाडचं रान, असा त्यांचा फेरा असतो. रात्री मुक्काम ठोकणाऱ्या या तरुणांकडून हल्ली एक प्रश्न ऐकू येतो: जंगली जनावरांपासून बचावासाठी जवळ पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असावं का, आणि असेल तर कोणतं?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंधाऱ्या रानात माणसाला भीती वाटते आणि हाताशी काहीतरी असावं असंही वाटतं. पण माझं उत्तर स्पष्ट आहे. पेण-रोह्याच्या डोंगरात कमरेला बंदूक बांधून जाणारा माणूस चुकीच्या जनावराची तयारी करून निघालेला असतो. ज्या जनावरापासून इथे खरोखर माणसं मरतात, त्याच्यावर गोळी चालत नाही. त्याच्यावर जे चालतं ते आपण कमरेलाही बांधत नाही आणि सरकारकडे हट्टाने मागतही नाही.

हा प्रश्न जिथला आहे तिथून सुरुवात करतो. अलास्कात तपकिरी अस्वल तीन-चारशे किलोंचं असतं. ते माणसावर धावून आलं तर विचार करायला दोन-तीन सेकंद मिळतात. म्हणून तिथले शिकारी, मच्छीमार आणि सर्वेक्षक कोणतं रिव्हॉल्व्हर पुरेसं यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आले आहेत. टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या अस्वलतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह या वादाला आकड्यांची जोड दिली. 2008 साली त्यांनी अस्वलावर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. फवारा जवळ असताना अस्वलाशी अगदी जवळून गाठ पडलेल्या माणसांपैकी 98 टक्के माणसांना इजा झाली नव्हती. 2012 साली त्यांनी अलास्कातल्या 269 घटनांमध्ये बंदुकीचं काय झालं ते तपासलं. बंदूक जवळ असलेल्या माणसाने ती वापरली काय किंवा न वापरली काय, इजा होण्याच्या प्रमाणात फरक पडत नव्हता. कारण साधं आहे. बंदूक बाहेर काढायची, खटका सोडायचा, धावत्या जनावरावर नेम धरायचा, आणि हे सगळं हात थरथरत असताना. म्हणजे जिथे अस्वल खरोखर अंगावर येतं तिथेही कमरेची बंदूक हा खात्रीचा उपाय ठरत नाही.

आता आपलं रान बघू. इथे वाघ नाही. अस्वलासाठी मेळघाटासारख्या दूरच्या रानात जावं लागेल. पेण, रोहा, सुधागड आणि मुरूडच्या पट्ट्यात माणसाला इजा करू शकणारी मोठी जनावरं दोनच: बिबट्या आणि रानडुक्कर.

बिबट्याबद्दल महाराष्ट्राइतका अनुभव फार थोड्या प्रदेशांच्या गाठीशी असेल. जुन्नरच्या उसात 2001 ते 2003 या काळात बिबट्यांचे हल्ले एकाएकी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला तेव्हा असं दिसलं की, त्याच काळात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडले जात होते. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात आणून टाकलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरलं. याच्या उलट चित्र त्यांना अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या, शेतशिवारात दिसलं. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा त्या भागात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे वावरत होते, आणि माणूस मारल्याची नोंद नव्हती. बिबट्या उभ्या, मोठ्या माणसाला टाळतो. तो धरतो ते लहान मूल, किंवा वाकून बसलेला, झुकून गवत कापणारा माणूस. आणि धरतो तो मागून, आवाज न करता. ज्याला कमरेच्या पिस्तुलाचा उपयोग होईल अशा माणसासमोर तो येत नाही. ज्याच्यावर तो येतो त्याला पिस्तूल काढायला सवड मिळत नाही. त्यामुळे बिबट्याच्या मुलखात मुलांना संध्याकाळनंतर एकटं न सोडणं, परसाकडे जाताना बत्ती नेणं, गोठा बंदिस्त ठेवणं आणि गावाच्या कडेला कोंबडीचा कचरा न टाकणं हेच उपाय लागू पडतात. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

रानडुकराचं वेगळं आहे. डुक्कर समोरून येतं. पण तेही बहुतेकदा जखमी असताना, कुत्र्यांनी कोंडलं असताना किंवा पिल्लं सोबत असताना. आलं की त्याचे सुळे माणसाच्या मांडीच्या उंचीवर लागतात आणि मोठी रक्तवाहिनी तुटली तर गावापर्यंत पोहोचायलाही वेळ मिळत नाही. अशा डुकरासमोर परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर कितपत पुरेल? आपल्या देशात सामान्य नागरिकाला 9 मिलिमीटर, .38 किंवा .455 बोअरचं हत्यार मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर आहेत. उरतं ते मुख्यतः सरकारी आयुध निर्माणीचं .32 बोअर. त्या गोळीचा जोर दीडशे ते दोनशे जूलच्या आसपास असतो. अमेरिकेत अस्वलासाठी नेतात त्या .44 मॅग्नमचा हजार-बाराशेच्या पुढे. ऐंशी-नव्वद किलोच्या, खांद्यावर जाड कातडी असलेल्या, रागाने धावणाऱ्या नर डुकराला .32 ची गोळी थांबवील यावर मी माझा जीव टांगणार नाही, आणि वाचकानेही टांगू नये. ती त्याला जखमी करील एवढं नक्की. जखमी डुक्कर म्हणजे काय ते वर सांगितलंच आहे.

शिवाय कायदा आहे. शस्त्र कायदा 1959 आणि 2016 च्या नियमांनुसार अर्ज करायचा, पोलिसांचा अहवाल जायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी गरज तपासायची. डोंगर भटकायला हवं म्हणून हा परवाना मिळत नाही, आणि तो मिळू नये असंच माझं मत आहे. फणसाड 1986 पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. कलम 34 तर म्हणतं की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने आपली नोंद करायची, आणि नवा परवाना त्या रक्षकाच्या संमतीवाचून द्यायचा नाही. जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने जनावर मारावं लागलं तर कलम 11 नुसार तो गुन्हा नाही, ही तरतूद पुष्कळांना माहीत असते. त्याच कलमातली पुढची अट मात्र सांगितली जात नाही. जीव धोक्यात आला त्या क्षणी माणूस स्वतःच हा कायदा मोडत असेल, तर हे संरक्षण त्याला मिळत नाही. परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरलेला माणूस या अटीत सापडतो.

इथपर्यंतचा युक्तिवाद शहरातून येणाऱ्या भटक्यासाठी होता. आता बंदुकीवर ज्याचा खरा हक्क आहे अशा माणसाबद्दल बोलायला हवं, कारण बंदुकीला सरसकट विरोध करणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला भात पोटरीतून बाहेर पडून भरतं. त्या दिवसांत डोंगराकडेच्या शेतात डुकरांचा कळप एका रात्रीत शिरला तर खाणं थोडं आणि लोळून आडवं करणं जास्त. चार महिन्यांची लावणी, बेणणी आणि खत मातीत जातं. शेतकरी माळ्यावर राखणीला बसतो, डबे बडवतो, फटाके लावतो, जुन्या साड्यांचं कुंपण घालतो. डुक्कर चार दिवस बिचकतं, पाचव्या दिवशी येतं. या माणसासाठी शस्त्र कायद्याने वाट ठेवली आहे. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. कोकणात अशा शेतीसंरक्षणाच्या बंदुका पिढीजात चालत आल्या आहेत. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला मारण्यासाठी वन अधिकाऱ्यांकडून परवानगी काढण्याचीही सोय आहे. पण निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका बहुतेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. 2019 मध्ये विधानसभेचं मतदान 21 ऑक्टोबरला होतं, 2024 मध्ये 20 नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आचारसंहिता लागली ती नेमकी भात पिकण्या-कापण्याच्या दिवसांत. राखणीची बंदूक राखणीच्याच महिन्यात ठाण्याच्या कपाटात पडून राहिली. शेतकऱ्याची ठासणीची बंदूक आणि शहरी गुंडाचं पिस्तूल यांना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे, आणि तो दूर करणं जिल्हा प्रशासनाच्या हातात आहे.

अधिकृत वाट अवघड झाली की माणूस आडवाटेला लागतो. गावठी बंदूक, विजेची तार, पिठात दडवलेला स्फोटक गोळा. या तिन्हींनी कोकणात माणसं, गुरं आणि कुत्री मेली आहेत. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरच्या रानात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी झाडीत हललं ते डुक्कर समजून गोळी घातली आणि त्यांचाच सोबती मेला. अशी बातमी कोकणाला नवी नाही. रात्री, झाडीत, घाबरलेल्या किंवा उत्तेजित हातातली बंदूक सर्वांत आधी सोबतच्या माणसाला धोक्यात आणते. रात्रीच्या मुक्कामाला पिस्तूल नेऊ म्हणणाऱ्या चार-पाच मित्रांनी डोळ्यांसमोर ठेवायला हवं ते मनोर. अलास्का नव्हे.

मग इथे माणसं मरतात कशाने? साप आणि विंचू.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्युपाहणीवर आधारलेल्या अभ्यासाचा हा अंदाज आहे. वाघ, बिबटे, अस्वलं, डुकरं आणि हत्ती सगळे एकत्र केले तरी त्या आकड्याच्या जवळपास जात नाहीत. मेलेले बहुतेक खेड्यातले, आणि सर्वांत जास्त मेले ते पावसाळ्यात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आहेत. घोणस भाताच्या भाऱ्याखाली, उडवीच्या कडेला, बांधाच्या गवतात असते. फुरसं कातळावर आणि दगडांच्या फटीत. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दात लागल्याचं कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं असेल.

एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. लोकांनी ती हजारोंनी मारून आणली. फुरसं आजही कोकणच्या कातळावर आहेच. मारून हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक असायला हवं होतं.

तो कशाने सुटतो याचं उदाहरण मात्र रायगड जिल्ह्यातच घडलं आहे, आणि मला ते या जिल्ह्याच्या इतिहासातल्या मोठ्या घटनांपैकी एक वाटतं. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1970 च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि मुलं त्यांच्यासमोर येत. घामाने चिंब, हातपाय गार, छातीत पाणी भरलेलं, आणि हृदय थकून ती मरत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी आणि लक्षणं नोंदवली. विंचवाच्या विषाने शरीरात ज्या रसायनांचा पूर येतो त्याला अडवणारं औषध त्यांनी शोधलं. ते होतं रक्तदाबावरची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन. गंभीर होऊन दवाखान्यात येणाऱ्यांपैकी पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत. योग्य वेळी गोळी मिळू लागल्यावर ते प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्याही खाली आलं. महाडसारख्या तालुक्याच्या गावातून केलेलं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगभरच्या उपचारपद्धतीत गेलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रायगडच्या एका जीवघेण्या प्राण्याविरुद्ध आजवर जे सर्वांत प्रभावी हत्यार निघालं, ते ही गोळी आहे. तिचा हा उपयोग शोधायला कारखाना लागला नाही. डोंगराकडेच्या आरोग्य केंद्रात एक डॉक्टर रात्री जागा राहिला, एवढंच लागलं.

सापाबद्दलही उपाय ज्ञात आहे. चारही मुख्य सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे बनते. ती घोड्यांपासून तयार होते, आणि मुंबईच्या हाफकिनची या कामातली परंपरा जुनी आहे. पण विष भिनलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. केंद्रात चार असतील तर उरलेल्यांसाठी त्याला पेण, अलिबाग किंवा पनवेल गाठावं लागतं. घोणसचं विष रक्ताची गोठण्याची ताकद मोडतं की नाही हे बघायला महाग यंत्र नको. कोरड्या, स्वच्छ काचनळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवली आणि रक्त गोठलं नाही, तर लस सुरू करायची. काचनळी, घड्याळ आणि ते जाणणारा माणूस रात्री जागेवर हवा. या तिन्हींपैकी तिसराच बहुतेक वेळा नसतो.

म्हणून रानात जाणाऱ्याने कमरेला आणि अंगावर काय घ्यायचं ते सांगतो. पेण-रोह्याच्या डोंगरातला आदिवासी कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. त्या कोयत्याने तो वाट करतो, लाकूड तोडतो, करवंदाची जाळी सारतो. प्रसंगी जनावरापुढे उगारतोही, पण त्यासाठी तो बांधलेला नसतो. भटक्याने त्याच्याकडून शिकावं. हातात लांब काठी घ्यावी आणि ती गवतात आपटत चालावं, कारण जमिनीची थरथर सापाला कळते आणि तो बाजूला होतो. घोट्याच्या वर येणारे जाड बूट घालावेत. शेतात काम करणाऱ्याला गुडघ्यापर्यंतचे गमबूट मिळावेत. उजेड पडणारी चांगली बॅटरी असावी, आणि अंधारात एक पाऊलही तिच्यावाचून टाकू नये. जमिनीवर अंथरूण टाकू नये, आणि टाकावंच लागलं तर मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली खोचावी. मण्यारीपासून बचावाला मच्छरदाणीइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. बूट घालण्याआधी झटकावेत. चावलाच तर आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, भगताकडे जाऊन वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता माणसाला उचलून दवाखान्यात न्यावं. आणि निघण्याआधी एक फोन करावा: सर्वांत जवळची लस कुठे आहे?

या सगळ्याला मिळून फार पैसे लागत नाहीत. एका रिव्हॉल्व्हरची किंमत लाखाच्या घरात जाते.

राहिलेला मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. महाराष्ट्रात बिबट्या किंवा डुकराच्या हल्ल्यात माणूस मेला तर वन विभाग त्याच्या कुटुंबाला 25 लाख रुपये देतो. ते योग्यच आहे. साप त्या यादीत नाही. सर्पदंशाने शेतकरी मेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात, तेही तो सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार किंवा त्याच्या घरातली व्यक्ती असेल तर. आदिम जमात म्हणून नोंदलेले कातकरी बहुतांश भूमिहीन आहेत. दुसऱ्याच्या शेतात भारा उचलताना, कोळशाच्या भट्टीवर, वीटभट्टीवरच्या झोपडीत जमिनीवर झोपताना त्यांना साप चावतो. त्यांच्या नावावर सातबारा नाही. सर्वांत जास्त धोका ज्याला, त्याच्या मृत्यूला शासनाच्या हिशेबात सर्वांत कमी किंमत, हे आपण किती वर्षं चालू देणार आहोत?

केंद्र सरकारने 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलं आहे, आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची प्रत्येक घटना नोंदवणं सक्तीचं करायला सांगितलं आहे. दिल्लीत ठरलं, आता ते गावोगावच्या आरोग्य केंद्रात दिसायला हवं. गडब, कासू, नागोठणे, कोलाड आणि रोह्याच्या वाचकांनी या आठवड्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात. सापाच्या लसीच्या कुप्या आज किती आहेत? प्राझोसिन आहे का? रात्री दोन वाजता ती देणारा डॉक्टर कोण, आणि त्याचा फोन नंबर काय? उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न ग्रामसभेत लेखी द्यावा आणि ठरावात घालून घ्यावा. डोंगरात येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मुलांनीही, ज्या वाडीत रात्री उतरतात आणि जेवतात, त्या वाडीसाठी हा अर्ज लिहायला मदत करावी.